डाव्या हातातला कॅमेरा : ग्लायडरमधून फोटो काढण्यासाठी केलेल्या निवडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

चाळीसगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांची ही हकिगत आहे. नाव द्यायचं नाही असं आमचं ठरलंय, म्हणून इथे त्यांना नुसतं 'सर' म्हणतो. वय बेचाळीस. माझा गावात फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो यांत माझी वीस वर्षं गेली. सर माझ्याकडे सल्ला मागायला आले आणि पुढचे आठ-नऊ महिने मी या प्रकरणात त्यांच्यासोबत राहिलो. त्यातला एक चुकीचा सल्ला माझाच होता. तोही पुढे येईल.

सरांना नववी-दहावीच्या मुलांना एक गोष्ट दाखवायची होती. एप्रिल-मेमध्ये खानदेशात पारा ४४-४५ अंशांवर जातो. नांगरून ठेवलेली काळी रानं भट्टीसारखी तापतात. दुपारी शेतात वावटळ उठते, धूळ आणि पाचोळा गरगरत वर जातो, आणि त्याच सुमारास घारी पंख न हलवता चकरा मारत उंच चढतात. हवा तापली की हलकी होते आणि वर जाते, वर थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचा ढग होतो. हे मुलं पेपरात लिहितात, पण कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. सरांना ते घारीच्या जागेवरून पाहायचं होतं आणि तिथून फोटो आणायचे होते.

त्यासाठी ते सुट्ट्यांमध्ये महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला जाऊन तिकडच्या एका केंद्रात ग्लायडिंग शिकू लागले. ग्लायडरला इंजिन नसतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच असतं. ते तारेने ग्लायडर ओढतं, पतंगासारखं वर चढवतं. साधारण हजार फुटांवर तार सुटते आणि मग तुम्ही आणि हवा. वर जाणारी गरम हवा सापडली तर चकरा मारत आणखी चढायचं, नाही सापडली तर पाच-सात मिनिटांत खाली. या पाच-सात मिनिटांच्या हिशेबावरच पुढचं सगळं ठरलं.

कागद आधी

हा भाग थोडक्यात सांगतो, पण तो टाळता येत नाही. विमान नियम, १९३७ मधल्या नियम १३ प्रमाणे सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून लेखी परवानगीशिवाय फोटो काढता येत नाहीत. ग्लायडरही त्यातच येतं. सरांना हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. प्रवासी विमानाच्या खिडकीतून सगळेच फोटो काढतात, मग यात काय, असं आम्ही धरून चाललो होतो. केंद्रातल्या प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, कॅमेरा ठीक आहे, कागद कुठे आहे?"

अर्ज गेला. शाळेचं पत्र, हेतू, कशाचे फोटो काढणार, सगळं लिहून दिलं. परवानगी यायला काही आठवडे लागले आणि ती अटींसह आली. तोवर कॅमेरा घरीच राहिला.

ओळखीचे लोक सरांना म्हणत, "ड्रोन घ्या ना, कशाला एवढा खटाटोप?" त्यांचंही चूक नव्हतं. पण ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे हिरव्या क्षेत्रात, म्हणजे ड्रोनसाठी मोकळ्या ठेवलेल्या भागात, परवानगीशिवाय ४०० फुटांपर्यंतच जाता येतं, म्हणजे १२० मीटर. ढगाचा तळ त्याच्या कितीतरी वर असतो. शिवाय सरांना वर चढणारी हवा आपल्या अंगाखाली जाणवायला हवी होती. ड्रोन उडवणारा माणूस जमिनीवर उभा असतो.

अडचण कशी समोर आली

परवानगी आल्यावर मी सरांना माझा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला मोठा कॅमेरा, दिला. सोबत १८-५५ लेन्स. दोन्ही मिळून ७०० ग्रॅमच्या आसपास वजन. माझा युक्तिवाद सरळ होता : प्रकाश टिपणारा सेन्सर मोठा, डोळा लावून पाहायची खिडकी म्हणजे व्ह्यूफाइंडर उन्हातही स्पष्ट, फोटो खात्रीचा. लग्नाच्या मांडवात या कॅमेऱ्याने मला कधी दगा दिला नव्हता. हाच तो चुकीचा सल्ला.

सर पुढच्या आसनावर, प्रशिक्षक मागच्या. कॅमेरा सरांच्या गळ्यात पट्ट्याने अडकवलेला आणि मांडीवर ठेवलेला. वर असताना प्रशिक्षकांनी ग्लायडर हातात घेतलं आणि सरांनी तीसेक फोटो काढले. मग उतरायची वेळ आली. वेग कमी करायला प्रशिक्षकांनी स्टिक, म्हणजे ग्लायडर चालवायचा दोन गुडघ्यांमधला दांडा, मागे घेतली, तर ती निम्म्यात अडली.

दोन्ही आसनांच्या स्टिक आतून जोडलेल्या असतात. पुढची अडली की मागचीही अडते. सरांच्या मांडीवरचा कॅमेरा पोट आणि स्टिकच्या मध्ये बसला होता. जमिनीजवळ आल्यावर ग्लायडरचं नाक उचलून धरायला स्टिक पूर्ण मागे घ्यावी लागते, आणि ती तेवढी मागे गेलीच नसती.

"सर, पोटाशी काय आहे? वर उचला, छातीशी धरा." प्रशिक्षकांचा आवाज चढला नव्हता, असं सर सांगतात. त्यांनी कॅमेरा उचलला, स्टिक मोकळी झाली, ग्लायडर नीट उतरलं. खाली आल्यावर प्रशिक्षक एवढंच म्हणाले, "हा कॅमेरा पुन्हा या ग्लायडरमध्ये येणार नाही."

रात्री सरांचा फोन आला. ते सांगत होते आणि माझ्या हाताला कंप सुटला होता. तो कॅमेरा मी दिला होता.

तीस फोटोंपैकी वीसएक फोटोंत आकाशाच्या मधोमध पांढरा धब्बा होता. सरांच्या पांढऱ्या शर्टाचं ते प्रतिबिंब, कॉकपिटच्या पारदर्शक टोपावर पडलेलं. उरलेल्यांतले काही अस्पष्ट होते, कारण लेन्सने ढग सोडून टोपावरचे ओरखडे पकडायचा प्रयत्न केला होता. आणि एक फोटो फार सुंदर आला होता : खाली तपकिरी माळ, वर ढगांची रांग, त्यांच्या सावल्या जमिनीवर. तो एक फोटो नसता तर सरांनी नाद सोडला असता असं मला वाटतं.

पर्याय तोलताना

यानंतर आम्ही कॅमेऱ्याचा प्रश्न वेगळ्या पद्धतीने घेतला. आधी प्रशिक्षकांना विचारलं, तुम्हाला काय चालेल? खरं तर हा पहिला प्रश्न असायला हवा होता. त्यांनी तीन अटी घातल्या. गळ्यात किंवा मांडीवर काही नको. टोपाला, पंखाला, अंगाला काही चिकटवायचं किंवा बांधायचं नाही. बाहेरून कॅमेरा लावणं म्हणजे विमानात बदल करणं, आणि त्याला वेगळी मंजुरी लागते. आणि जी वस्तू आणाल ती सुटली तरी पायांतल्या पेडलपर्यंत पोचता कामा नये.

मग आमच्यापुढे उरले तीन : फोन, अॅक्शन कॅमेरा आणि खिशात मावणारा कॉम्पॅक्ट. डीएसएलआर बाद झाला होता. चौथा म्हणून मिररलेस, म्हणजे आतला आरसा काढून टाकलेला कॅमेरा, मी मनात धरून होतो, कारण तो आकाराने लहान आणि त्याला व्ह्यूफाइंडर असतो.

चाचणी इथेच, गावात करायचं ठरलं. चाळीसगावात फोटोचं काम करणाऱ्याला कलामहर्षी केकी मूस यांची आठवण पदोपदी येते. स्टेशनजवळच्या बंगल्यात राहून, क्वचितच बाहेर पडून, टेबलावर लहानसहान वस्तू मांडून त्यांनी अख्खी दृश्यं उभी केली. १९८९ मध्ये ते गेले, पण त्यांची टेबलटॉप छायाचित्रं पाहिलेला माणूस एक गोष्ट विसरत नाही : बटण दाबायच्या आधीच फोटो मांडून झालेला असतो. सरांना मी तेच म्हटलं. वर जे करायचं ते इथे टेबलावर मांडून पाहू.

बोर्ड बनवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून अॅक्रिलिकचा तुकडा आणला. तो आम्हाला बजावून सांगत होता, "सर, हाई काच नही शे, हाई अॅक्रिलिक शे. फडका जपीसन फिरवा." ग्लायडरचा टोपही अशाच पदार्थाचा असतो, म्हणून तर तो हवा होता. तुकडा गरम करून पाइपावर वाकवून घेतला, जीपच्या पुढच्या खिडकीत बसवला आणि मे महिन्यातल्या एका दुपारी औट्रम घाटात गेलो. आमच्याकडे त्याला कन्नड घाटही म्हणतात. वरच्या वळणावरून चाळीसगावचा सगळा सपाट मुलूख दिसतो, तितूर नदीची कोरडी वळणं दिसतात. ग्लायडरमधून दिसतं तसं दृश्य आमच्या तालुक्यात याहून जवळचं नाही.

त्या दुपारी कळलेल्या गोष्टी :

पांढरा शर्ट घालून बसलं की अॅक्रिलिकवर शर्टच दिसतो. काळा टी-शर्ट घातला की प्रतिबिंब जवळजवळ जातं. आमच्या सगळ्या शोधात सर्वांत स्वस्त सुधारणा हीच.

मी मोठ्या विश्वासाने पोलरायझर फिल्टर नेला होता. काचेवरची चमक तो काढतो. इथे मात्र आकाशात इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटले. वाकवलेल्या अॅक्रिलिकमध्ये ताण राहतो आणि पोलरायझर तो ताण रंगांत दाखवतो. फिल्टर परत पेटीत गेला.

फोन उन्हात दहा मिनिटं राहिला, त्याची स्क्रीन मंद झाली आणि थोड्या वेळाने कॅमेराच बंद पडला. एरवी फोनचे फोटो वाईट नव्हते, उलट धुरकट हवेत ते छान निघाले होते. पण फोन गुळगुळीत, दोरी बांधायला जागा नाही, आणि बटण म्हणजे स्क्रीनवरचं चित्र. घामेजल्या बोटाने ते तीनदा दाबावं लागलं.

अॅक्शन कॅमेऱ्याची बाजू सर्वांत मजबूत वाटत होती. दर पाच सेकंदांनी तो आपणहून फोटो काढतो, हात लागतच नाही. पण त्याची नजर फार रुंद. घाटातून काढलेल्या फोटोंत ढग नखाएवढा आला आणि क्षितिज वाकलं. मुलांना दाखवायचा होता ढग. आणि तो बसवायचा कुठे, या प्रश्नाला प्रशिक्षकांच्या दुसऱ्या अटीनंतर उत्तर नव्हतं. डोक्यावर पट्ट्याने बांधता आला असता, पण आजूबाजूला बघायला मान सारखी फिरवावी लागते आणि ते डोकं टोपाला घासलं असतं.

उरले मिररलेस आणि कॉम्पॅक्ट. दोन्हींचे फोटो मला पसंत होते, मिररलेसचे जरा जास्त. संध्याकाळी घाट उतरताना मी सरांना म्हणालो, "मिररलेस घ्या. व्ह्यूफाइंडर हवाच."

वहिनींचा प्रश्न

निर्णय फिरला तो सरांच्या घरी.

वर काय-काय करावं लागेल याची सर तालीम करत होते. खुर्चीवर मागे रेलून बसले, पाय लांब केले, दोन गुडघ्यांत लाटणं धरलं. ते लाटणं म्हणजे स्टिक. मी शेजारी बसून मिररलेस त्यांच्या हातात दिला. वहिनी चहा घेऊन आल्या, थोडा वेळ पाहत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उजवा हात तर लाटण्यावरच आहे. मग बटण कोण दाबणार?"

आम्ही दोघं गप्प झालो. ग्लायडरमध्ये स्टिक उजव्या हातात असते. डाव्या बाजूला एअरब्रेकचा, म्हणजे उतरताना उंची कमी करायचा, निळा दांडा असतो आणि तार सोडायची पिवळी मूठ असते. मधल्या काळात मोकळा असतो तो डावा हात. आणि बाजारातला जवळजवळ प्रत्येक कॅमेरा उजव्या हातासाठी बनवलेला असतो. पकड उजवीकडे, बटण उजवीकडे, चाकं उजवीकडे. वीस वर्षं कॅमेरा हाताळून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण मला कधी उजवा हात दुसऱ्या कुणाला द्यावा लागला नव्हता.

सरांनी मिररलेस डाव्या हातात घेऊन पाहिला. लेन्सच्या वजनाने तो पुढे झुकला, बटण लांब राहिलं. मग त्यांनी कॉम्पॅक्ट घेतला आणि तो उलटा धरला, बूड वर, डोकं खाली. बटण आपोआप डाव्या अंगठ्याखाली आलं. फोटो उलटा येतो, पण तो संगणकात एका टिचकीत सुलटा होतो.

त्यासरशी व्ह्यूफाइंडरचा माझा आग्रहही गळून पडला. उलट्या धरलेल्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावता येत नाही. आणि लावता आला असता तरी लावायला नको होता. ग्लायडरमध्ये माणसाचं पहिलं काम आजूबाजूला बघणं. एकाच गरम हवेच्या स्तंभात दुसरं ग्लायडर असू शकतं, घारी असतातच. एक डोळा व्ह्यूफाइंडरला आणि दुसरा मिटलेला, असा माणूस त्या जागी आंधळा असतो. मी ज्याला कॅमेऱ्याचा गुण समजत होतो तो इथे दोष ठरत होता. चांगल्या फोटोचा कॅमेरा शोधायला निघालेलो आम्ही. शोधायला हवा होता कमीत कमी लक्ष मागणारा कॅमेरा.

काय घेतलं आणि कसं मांडलं

सरांनी सोनीच्या आरएक्स १०० मालिकेतला पहिला, २०१२ चा कॅमेरा वापरलेल्या स्थितीत घेतला. एक इंची म्हणतात तो सेन्सर, २० मेगापिक्सेल, बॅटरीसह वजन २४० ग्रॅम. झूम २८ ते १०० मिलिमीटर, फिल्मच्या कॅमेऱ्याच्या मापात. २८ म्हणजे सर्वांत रुंद नजर. यापेक्षा नवे आणि चांगले पुष्कळ आहेत, पण शिक्षकाच्या पगारातून ग्लायडिंगचा खर्च वजा जाता हे परवडणारं होतं.

मग केकी मूसांच्या धड्याप्रमाणे सगळं टेबलावर मांडलं.

झूम वापरायचाच नाही, कायम २८ वर. याला कारण हिशेबाचं आहे. ताशी ९० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला २५ मीटर. पंख ३० अंश तिरके करून वळण घेतलं की ग्लायडर दर सेकंदाला साधारण १३ अंश फिरतं. कॅमेऱ्याचं शटर १/१६०० सेकंद उघडं राहतं, तेवढ्यात ते ०.००८ अंश फिरलं. २८ च्या नजरेत या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ०.०१२ अंशांचा असतो, म्हणजे फिरणं एका पिक्सेलच्या आत राहतं आणि फोटो कडक येतो. तोच फोटो १०० वर काढला तर एक पिक्सेल जेमतेम ०.००४ अंशांचा, आणि चित्र दोन पिक्सेल घसरतं. झूम करून जे मिळवायचं ते वळणात असं हातचं जातं. २८ वर काढून नंतर कापणं बरं. हजार फुटांवरून सरळ खाली पाहिलं तर २८ च्या फोटोत जमिनीचा पावणेचारशे मीटरहून थोडा जास्त रुंद पट्टा येतो आणि एक पिक्सेल सुमारे सात सेंटिमीटरचा. शाळेच्या फळ्याएवढा फोटो करायला ते पुरतं.

लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सचं तोंड किती उघडं ते सांगणारा आकडा) ४ आणि शटर १/१६०० हे गणित बरोबर बसतं. ढग पांढरेफटक होऊ नयेत म्हणून त्याहून किंचित काळपट ठेवलं. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली कच्ची, कारण धुरकट हवेतून रंग नंतर ओढून काढावे लागतात.

फोकस हाताने, तीन मीटरवर. एवढ्या लहान सेन्सरवर २८ ला एफ ४ वर तीन मीटरला फोकस केला की दीडेक मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं आणि वीतभर अंतरावरचे टोपाचे ओरखडे विरघळून जातात. ऑटोफोकसला चुकायची संधीच राहत नाही. फक्त कॅमेरा बंद होऊन लेन्स आत गेली की हे मांडलेलं विस्कटू शकतं. म्हणून आपोआप बंद व्हायची वेळ सर्वांत लांब ठेवली आणि कॅमेरा जमिनीवरच चालू करून न्यायचा ठरलं. लेन्स बाहेर असताना मावेल अशी खोल, जाड कापडाची थैली गावातल्या शिंप्याने शिवून दिली. ती कॉकपिटच्या डाव्या बाजूच्या खिशात बसते. कॅमेऱ्याला आखूड दोरी, दुसरं टोक डाव्या मनगटात. जोरात ओढली तर सुटेल अशी गाठ प्रशिक्षकांनी स्वतः बांधून दाखवली.

कॅमेरा कधी काढायचा याचा नियमही त्यांनीच घातला. सर उडवत असतील तेव्हा कॅमेरा थैलीत. प्रशिक्षकांनी ग्लायडर हाती घेतलं, दोघांनी ते मोठ्याने बोलून पक्कं केलं, की मगच बाहेर. उतरायच्या फेऱ्यात शिरण्याआधी पुन्हा आत. तार लागलेली असताना तर विषयच नाही. पाच-सात मिनिटांच्या उड्डाणात यातून कॅमेऱ्याच्या वाट्याला येत दोन मिनिटं.

काय घडलं

पहिल्या दोन उड्डाणांत एकही फोटो निघाला नाही. एकदा सर कॅमेरा काढायचं विसरले, एकदा गरम हवा न सापडल्याने वेळच उरला नाही. तिसऱ्यात सहा फोटो आले, त्यांतले चार तिरके, कारण न पाहता नेम धरायचा हाताला सराव नव्हता. घरी येऊन सर आठवडाभर गच्चीवर उभं राहून, न पाहता, डाव्या हाताने, कावळ्यांचे आणि टाक्यांचे फोटो काढत बसले. त्यानंतर नेम बसला.

त्या हंगामातला सर्वांत उपयोगी निघालेला प्रकार म्हणजे दोन फोटोंची एक जोडी. पहिल्यात उघड्या माळावर, आकाशात पिंजलेल्या कापसाएवढा एक पुंजका. काही मिनिटांनी, चकरा मारत वर चढल्यावर काढलेल्या दुसऱ्यात तिथेच तळ सपाट झालेला, डोकं फुललेला एक पूर्ण ढग. मी पाहिलेल्या हजारो फोटोंत या दोघांना फार वरची जागा देईन. त्यांत रंग नाहीत की मांडणी नाही, पण हवा वर जाताना दिसते. वर्गात सरांनी ते शेजारी शेजारी लावले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे आपली वावटळ वर जाऊन हेच करते?"

आणि एक फोटो निघाला नाही. एका दुपारी सर स्वतः उडवत होते आणि तीन घारींसोबत एकाच चकरेत वर चढत होते. त्यांतली एक डाव्या पंखाच्या टोकाच्या पलीकडे, समान उंचीवर, मान वळवून त्यांच्याकडे पाहत होती. ज्या चित्रासाठी ते इतके महिने झटले ते डोळ्यांसमोर होतं आणि कॅमेरा डाव्या हाताला लागेल असा थैलीत. प्रशिक्षकांना सांगून ग्लायडर सोपवता आलं असतं. पण सोपवताना चकरेची लय मोडते आणि शेजारी घारी असताना सरांना ते नको वाटलं. त्यांनी हात थैलीकडे नेला नाही. मला हे सांगताना त्यांच्या बोलण्यात खंत होती, पण निर्णयाबद्दल शंका नव्हती. मीही त्यांच्या जागी तेच केलं असतं असं म्हणायला मला आवडेल, पण सहा महिन्यांपूर्वी मी तसं केलं नसतं.

वर्गात त्यांनी ती घार खडूने फळ्यावर काढली.

पुन्हा करायचं झालं तर

क्रम उलटा करावा लागेल. आधी परवानगी, मग प्रशिक्षकांशी बोलणं, मग खुर्ची आणि लाटणं, आणि सर्वांत शेवटी दुकान. आम्ही दुकानाकडून, म्हणजे माझ्या कपाटातल्या कॅमेऱ्याकडून सुरुवात केली. मोठा कॅमेरा देताना मी एकदाही विचारलं नाही की बसायची जागा केवढी, हात कुठे असतात, स्टिक किती मागे येते. ज्या जागेत कॅमेरा जाणार ती जागा पाहिल्याशिवाय मी आता कुणाला सल्ला देत नाही.

वापरलेला कॅमेरा घेताना सेन्सरवरची धूळ तपासायला हवी होती. लेन्स न निघणाऱ्या कॅमेऱ्यात ती घरी साफ होत नाही. आमच्या कॅमेऱ्यात उजव्या कोपऱ्यात एक डाग आहे. एफ ४ वर तो फिका असतो म्हणून निभावलं, पण आकाशाचे फोटो काढणाऱ्याने घेण्याआधी निळ्या आकाशाचा एक फोटो एफ ११ वर काढून पाहावा.

कॅमेऱ्याचं घड्याळ आम्ही लावलंच नव्हतं. कोणता फोटो कोणत्या उड्डाणातला, किती मिनिटांनी काढलेला, हे उड्डाणांच्या वहीशी जुळवता आलं नाही. त्या ढगांच्या जोडीत नेमकी किती मिनिटं गेली हे सरांना मुलांना सांगायचं होतं. ते कायमचं राहिलं.

अॅक्शन कॅमेरा आम्ही लवकर बाद केला असंही आता वाटतं. कमी रुंद नजरेची सोय असलेला मिळाला आणि प्रशिक्षकांना मान्य होईल अशी जागा सापडली, तर हात अजिबात न लागणं ही फार मोठी गोष्ट आहे. सर या वर्षी त्याबद्दल त्यांच्याशी बोलणार आहेत.

एकट्याचं उड्डाण

सरांचं पहिलं एकट्याने उड्डाण ठरलं तेव्हा मी त्यांच्यासोबत पुण्याला गेलो. सकाळी निघताना त्यांनी थैली उघडली, कॅमेरा काढला आणि माझ्या हातात दिला. प्रशिक्षकांनी तसं सांगितलं नव्हतं. मागच्या आसनावर कुणी नसताना सोपवायला कुणी नाही, एवढंच ते म्हणाले.

तार ताणली गेली. ग्लायडर काही पावलं घसरलं आणि उचललं गेलं. मी मैदानाच्या कडेला उभा होतो, खिशात चालू स्थितीतला कॅमेरा, फोकस तीन मीटरवर, सगळं मांडलेलं. परवानगी सरांच्या नावावर होती, माझ्या नाही. मी तो बंद केला आणि मान वर करून पाहत राहिलो.